एकाच बसमध्ये तीन भाषा: श्रीलंकेत कोण कुणासाठी भाषा बदलतं?

2022 च्या एप्रिलमध्ये कोलंबोच्या गॉल फेस मैदानात लोकांनी तंबू ठोकले, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. पेट्रोलसाठी मैलभर रांगा, तासन्‌तास वीज गायब, आणि मागणी एकच: राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांनी घरी जावं. घोषणा होती 'गोटा गो होम'. तंबू वाढत गेले, त्यांची वस्ती झाली आणि वस्तीला नाव पडलं 'गोटा गो गम'. गम म्हणजे सिंहलीत गाव. संस्कृतातल्या ग्रामाचा आपल्याकडे गाव झाला, तिकडे गम. 'होम'च्या जागी 'गम' आलं आणि घोषणेचा पत्ता तयार झाला.

एक टोपणनाव, एक इंग्रजी क्रियापद, एक सिंहली नाम. हे नेमकं कुठल्या भाषेतलं नाव, असा प्रश्न त्या मैदानात कुणाला पडला नाही. आपल्यालाही पडला नसता. 'अरे, मीटिंग पोस्टपोन झालीय, तू डायरेक्ट घरी जा' असं आपण दिवसातून दहा वेळा बोलतो. बोलताना मध्येच दुसऱ्या भाषेत जाण्याला भाषाशास्त्रात 'कोड-स्विचिंग' म्हणतात. या लेखापुरतं आपण त्याला भाषापालट म्हणू. तो वाक्याच्या मध्यात होतो, दोन वाक्यांच्या मध्ये होतो, आणि समोरचा माणूस बदलला की सगळीच्या सगळी भाषा बदलते तेव्हाही होतो.

श्रीलंकेचं उदाहरण घेण्याचं कारण असं, की सव्वादोन कोटींच्या आतबाहेर वस्तीच्या त्या बेटावर हा पालट रोज कोट्यवधी वेळा होतो, बिनबोभाट होतो, आणि तरीही त्याच बेटावर भाषेच्या प्रश्नातून पेटलेल्या भांडणाचं सव्वीस वर्षांचं युद्ध झालं. या दोन गोष्टी एकत्र कशा नांदतात, हे मला बरीच वर्षं उमगत नव्हतं.

आधी बसमध्ये चढू

कोलंबोत आठवडाभर होतो तेव्हा मी रोज 100 नंबरची बस पकडायचो. ती पेट्टा भागातून निघते आणि गॉल रोडने, समुद्राला समांतर, दक्षिणेला पानदुरापर्यंत जाते. ज्या ठिकाणाहून ती सुटते त्याचंच नाव बघा. सिंहलीत पिटकोटुव: पिट म्हणजे बाहेर, कोटुव म्हणजे कोट. तमिळमध्ये पुरक्कोट्टै, अर्थ तोच, कोटाबाहेरचं. आणि इंग्रजांनी उचललं ते पेट्टा, म्हणजे तमिळ पेट्टै, म्हणजे सरळ आपली पेठ. पुण्यामुंबईच्या माणसाला कोट आणि पेठ यांहून ओळखीचं आणखी काय असणार!

बसचा कंडक्टर पंचविशीतला पोरगा. दारात लोंबकळत ड्रायव्हरला ओरडला, 'हरि, यमु!' म्हणजे ठीक, निघूया. आतल्या गर्दीला म्हणाला, 'इस्सरहट यन्न', पुढे चला. मुंबईच्या बेस्टमधलं 'पुढे चला, पुढे चला' ज्या सुरात असतं, सूर तोच. वेल्लवत्ते हा तमिळ वस्तीचा भाग. तिथे कपाळाला विभूती लावलेली एक आजी चढली. तिने तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, 'मुन्नुक्कु पोंगो, अम्मा.' तेच 'पुढे चला', आता तमिळमध्ये आणि आदरार्थी. मग माझ्याकडे वळून इंग्रजीत 'ब्रदर, वेअर?' आणि शेजारच्याला सुटे परत देताना 'बॅलन्स एक', उरलेले पैसे. दहा मिनिटांत तीन भाषा, आणि शेवटचे दोन शब्द दोन भाषांतले.

यात लक्षात घेण्यासारखं एवढंच, की त्याने आजीची भाषा कपाळावरून वाचली आणि माझी बहुधा गळ्यातल्या कॅमेऱ्यावरून. भाषा बदलण्याआधी माणूस समोरच्याला वाचतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती फार वेगळ्या रूपात परत येणार आहे.

पण दोन पूर्ण वेगळ्या भाषा एका तोंडात मावतात कशा?

सिंहली ही मराठी-हिंदी-बंगालीच्या कुळातली, इंडो-आर्य. भौगोलिकदृष्ट्या एकटी पडलेली. तिची सर्वांत जवळची बहीण मालदीवची धिवेही. सिंहली आकडे मोजून बघा: एक, देक, तुन, हतर, पह, हय, हत, अट, नमय, दहय. 'स'चा 'ह' झालाय, त्यामुळे सात तिकडे 'हत', पण दहाला ओळख पटतेच. तमिळ मात्र द्राविड कुळातली. कुळं वेगळी, लिप्या वेगळ्या, शब्द वेगळे.

आता एक वाक्य घेऊ. मराठीत:

मी उद्या ऑफिसला रजा टाकून, बँकेत जाऊन, अकाउंट क्लोज करतो.

सिंहलीत:

मम हेट ऑफिस एकट लीव्ह एकक् दाला, बँक एकट गिहिन्, अकाउंट एक क्लोज करनवा.

तमिळमध्ये:

नान् नाळैक्कु ऑफिसुक्कु लीव्ह पोट्टु, बँकुक्कु पोय्, अकाउंटै क्लोज पण्णुवेन्.

एकाखाली एक ठेवून वाचा. मी, उद्या, ऑफिसला, रजा, टाकून. 'दाला' म्हणजे टाकून, 'पोट्टु' म्हणजे टाकून. रजा तिन्ही भाषांत 'टाकतात'! पुढे 'जाऊन', 'गिहिन्', 'पोय्'. शेवटी 'क्लोज' आणि त्याला जोडलेलं करण्याचं क्रियापद. शब्दांचा क्रम एकाच साच्यातला. बदललाय तो फक्त साच्यात ओतलेला माल.

आगगाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर न्यायला सांधा बदलतात. त्यासाठी दोन्ही मार्गांची रुंदी सारखी हवी, ब्रॉडगेजवरचा डबा नॅरोगेजवर जाणार नाही. सिंहली आणि तमिळचं वाक्य सारख्याच रुंदीच्या रुळांवर चालतं. आधी कर्ता, मग कर्म, क्रियापद शेवटी. 'ला', 'हून', 'मध्ये' असल्या गोष्टी नामाच्या मागे लागतात. म्हणून वाक्याच्या मध्ये कुठेही सांधा बदलला तरी गाडी घसरत नाही. (खऱ्या आगगाड्यांचंही तसंच आहे. लंकेतले मुख्य रूळ आपल्याच ब्रॉडगेजचे.)

हा साचा किती चिवट असतो त्याचा पुरावा म्हणजे बाहेरून आलेल्या भाषा. पूर्व किनाऱ्यावरच्या बट्टिकलोआत बर्गर समाजातले (म्हणजे युरोपीय वसाहतवाल्यांच्या वंशजांतले) काही लोक पोर्तुगीजपासून झालेली एक भाषा बोलतात. शब्द पोर्तुगीज, पण क्रियापद सरकत सरकत वाक्याच्या शेवटी जाऊन बसलंय. लंकेतल्या मलय लोकांच्या भाषेचंही तेच झालं. शेजाऱ्यांच्या रुळांवर गाडी चालवायची तर चाकं बदलावी लागतात.

असा अभ्यास सांगलीजवळही झालाय

गंमत म्हणजे या विषयातला जगभर शिकवला जाणारा एक अभ्यास आपल्या कुपवाडचा आहे. सांगली-मिरजेला चिकटलेलं कुपवाड. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोन अभ्यासकांनी 1971 मध्ये त्यावर लिहिलं. तिथे मराठी, कन्नड, उर्दू आणि थोडी तेलुगू पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत होत्या. त्यांच्या लेखातलं एक वाक्य प्रसिद्ध आहे. मराठीत 'पाला जरा कापून घेऊन आलो', आणि तिथल्या उर्दूत 'पाला जरा काट के ले के आया'. कन्नडमध्येही तोच क्रम. लोकांनी घरातले शब्द सोडले नाहीत, कारण शब्दांवरून कोण कुणाचा हे कळतं. पण वाक्याची चौकट सगळ्यांची एक होत गेली, कारण बाजारात आणि शेतात पटकन इकडून तिकडे जायचं होतं.

त्यामुळे सिंहली माणसाला तमिळ 'अवघड जाते' असं कुणी म्हटलं, तर खोड व्याकरणात नाही हे आपल्याला ठाऊक असलेलं बरं.

'एक' नावाची किमया

वरच्या सिंहली वाक्यात 'एक' सारखा डोकावतो. ऑफिस एक, लीव्ह एक, बँक एक, अकाउंट एक. कंडक्टरचं 'बॅलन्स एक'ही त्यातलंच. हा आपलाच एक. इंग्रजी नाम सिंहलीत आलं की त्याच्या मागे 'एक' लावतात आणि ते सिंहली होतं. बस एक म्हणजे ती बस. बस एकट म्हणजे बसला. बस एकेन् म्हणजे बसने किंवा बसमधून. बस एकक् म्हणजे कुठलीतरी एक बस. अनेक बस असतील तर 'एक' काढून टाका, नुसतं 'बस'. झालं अनेकवचन.

मराठीत इंग्रजी शब्द आला की आपल्यापुढे लिंगाचा पेच असतो. ती बस, तो मोबाईल, ते तिकीट. ईमेल तो की ती, यावर अजून एकमत नाही. सिंहली हा त्रास घेत नाही. ती एवढंच विचारते, वस्तू सजीव आहे की निर्जीव? निर्जीव असेल तर 'एक'. माणूस असेल तर 'केनेक्': डॉक्टर केनेक्, म्हणजे कुणी एक डॉक्टर.

या मिश्रणात एक भाषा यजमान असते आणि दुसरी पाहुणी. पाहुणीने शब्द आणायचे, पण बसायचं यजमानाने घातलेल्या पाटावर. 'क्लोज करनवा'मध्ये क्लोज पाहुणा, करनवा घरचा. आपलं 'क्लोज करतो' आणि तमिळचं 'क्लोज पण्णुवेन्' हीच व्यवस्था. भाषापालट म्हणजे शब्दांची खिचडी, असं जे म्हणतात त्यांनी हे बघावं. 'करतो अकाउंट मी क्लोज उद्या' असं कोणी म्हणत नाही, कितीही गडबडीत असला तरी. नियम कुणी शिकवले नाहीत, पण सगळे पाळतात.

शब्द सुचत नाही म्हणून लोक भेसळ करतात, असं नाही?

कधी कधी तसंही असतं. पण बहुतेकदा उलट. न्यूयॉर्कमधल्या पोर्तोरिकन लोकांच्या स्पॅनिश-इंग्रजीवर शाना पॉपलॅक यांचा 1980 चा अभ्यास आहे. वाक्याच्या मध्यात, व्याकरण न मोडता भाषा बदलणारे लोक दोन्ही भाषांत पक्के असलेले निघाले. कच्चे होते ते सुटा एखादा शब्द किंवा 'यू नो'सारखं शेपूट जोडण्यापुरतेच जायचे. चालत्या गाडीतून चालत्या गाडीत उडी मारायला दोन्ही गाड्यांचा वेग अंगात असावा लागतो.

शिवाय लंकेत एकाच भाषेच्या पोटातही पालट असतो. बोलीतली सिंहली आणि लिहिण्यातली सिंहली यांत मोठं अंतर आहे. बोलताना 'मम यनवा' म्हणजे मी जातो, 'ओया यनवा' तू जातोस, 'एया यनवा' तो किंवा ती जाते. क्रियापद जागचं हलत नाही. पण वर्तमानपत्रात किंवा टीव्हीवरच्या बातम्यांत 'मी जातो'ला 'मम यमि' म्हणायचं, तिथे प्रत्येक कर्त्याला वेगळं रूप. तमिळचंही तसंच, लिखित वेगळी, घरची वेगळी. म्हणजे ज्याला 'एकभाषी' म्हणाल त्या खेडुताच्या कानातही दोन भाषा आहेतच, आणि शाळेत गेलेलं मूल पहिलीपासून पालट शिकतंय. मुलांचा गोंधळ उडतो का, ही काळजी आपल्याकडचे पालक फार करतात. घरात एक, अंगणात दुसरी, शाळेत तिसरी भाषा ऐकत वाढलेली मुलं जगात बहुसंख्य असावीत. थोडे दिवस सरमिसळ करतात आणि मग कुणाशी काय बोलायचं ते मोठ्यांपेक्षा लवकर ओळखतात.

भाषा बाटते, त्याचं काय?

सिंहली घरात फिरून बघू. टेबल मेसय, कपाट अल्मारिय, खिडकी जनेलय, सदरा कमिसय, पाव पान्, साबण सबन्, अननस अन्नासि, काजू कजु. सगळे पोर्तुगीजांकडून आलेले. 1505 मध्ये पोर्तुगीज लंकेत उतरले आणि पाच वर्षांनी त्यांनी गोवा घेतला, त्यामुळे आपल्याला वाटतं त्यापेक्षा आपलं सामान बरंच सारखं आहे. त्यांच्यामागून आलेल्या डचांनी कचेरीला कन्तोरुव आणि ओसरीला इस्तोप्पुव दिलं. आज सिंहली गृहिणीला कमिसय परका वाटत नाही, जसा आपल्याला साबण वाटत नाही. जे शब्द आज 'बाटलेले' वाटतात ते आणखी दोनशे वर्षांनी कपाटात घडी घालून ठेवलेले असतील.

तरी शुद्धीची ओढ सगळीकडे असते. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, सावरकरांनी दिनांक आणि महापौर दिले, आणि त्यातले कित्येक शब्द टिकले. मला स्वतःला 'महापौर' आवडतो. लंकेत मुनिदास कुमारतुंग यांनी 1941 मध्ये 'हेळ हवुल' ही चळवळ काढली. सिंहलीतून संस्कृत आणि पाली सुद्धा वजा करून निखळ 'हेळ' भाषा आणायची, असा बेत. ती फार पसरली नाही, पण भाषेकडे बघण्याची नजर तिने बदलली. उत्तरेत, तमिळ वाघांच्या (म्हणजे लिट्टे या सशस्त्र संघटनेच्या) अमलाखालच्या भागात, दुकानांच्या पाट्याही शुद्ध तमिळ करायला लावल्या गेल्या. बेकरीचं 'वेदुप्पगम्' झालं. तो शब्द आजही जाफन्यात दिसतो, आणि त्या वेदुप्पगमात मिळतो तो मात्र पान्, पोर्तुगीज पाव.

जाफन्यात शिकवलेले अभ्यासक सुरेश कनगराजा यांनी त्या काळाबद्दल 1995 मध्ये लिहिलं. बंदुकीच्या धाकाखालीही लोकांच्या बोलण्यातली इंग्रजीची पेरणी थांबली नाही. सबंध इंग्रजी वाक्यं बोलणारे घटले, पण तमिळमध्ये इंग्रजी मिसळून बोलणं सर्वांचं झालं.

मग इंग्रजी ही बिनभांडणाची मधली भाषा झाली नाही का?

झाली, पण मूठभरांची. कोलंबोच्या चांगल्या वस्तीत सिंहली आणि तमिळ कुटुंबं एकमेकांशी सहज इंग्रजीत बोलतात. वाक्याच्या शेवटी 'ने' लावतात, आपल्या 'ना'सारखं, आणि मित्राला 'मचान्' म्हणतात. मचान् मुळात तमिळ, मेहुणा किंवा आतेमामेभाऊ. आता सिंहली मुलांच्या तोंडी जास्त. पण त्या वस्तीबाहेर इंग्रजीला विद्यापीठातल्या मुलांनी दिलेलं नाव आहे 'कडुव', म्हणजे तलवार. ज्याच्या हातात आहे तो बाकीच्यांना कापतो. इंग्रजीतले 'ऑ' आणि 'ओ' ज्याचे अदलाबदल होतात त्याच्या बोलण्याला 'नॉट-पॉट इंग्लिश' म्हणून हसतात. नोकरीच्या मुलाखतीत एक स्वर चुकला की गाव कळलं, शाळा कळली, बापाचा पगार कळला. आपल्याकडे 'न' आणि 'ण' वरून जे होतं, ते तिकडे 'ऑ'वरून.

म्हणजे मधली भाषा असते, पण तिच्या दारावरही पहारेकरी असतो.

एवढं सगळं जुळतं, तर युद्ध का झालं?

1948 मध्ये सिलोन स्वतंत्र झाला तेव्हा सरकारचं काम इंग्रजीत चालायचं. बहुसंख्य लोकांना, सिंहली असोत वा तमिळ, आपल्याच सरकारचं पत्र वाचता येत नव्हतं. ही तक्रार खरी होती. पण तिला मिळालेलं उत्तर असं: 1956 मध्ये एस. डब्ल्यू. आर. डी. बंडारनायके निवडून आले आणि त्यांनी सिंहली ही एकमेव राजभाषा करणारा कायदा आणला. स्वतः ऑक्सफर्डला शिकलेले होते. त्या वर्षी संसदेत डाव्या पक्षाचे कॉल्विन डिसिल्व्हा यांनी इशारा दिला होता: दोन भाषा ठेवाल तर एक राष्ट्र राहील, एक भाषा कराल तर दोन राष्ट्रं होतील.

कायद्याचा अर्थ रोजच्या जगण्यात असा होता. तमिळ कारकुनाला सिंहलीची परीक्षा दिल्याशिवाय पगारवाढ नाही. पोस्टात, कोर्टात, पोलीस चौकीत सिंहली. गाड्यांच्या नंबरपाट्यांवर सिंहली 'श्री' अक्षर आलं. तमिळ कार्यकर्त्यांनी त्याला डांबर फासलं, उत्तरादाखल दक्षिणेत तमिळ पाट्यांना डांबर फासलं गेलं. 1958 मध्ये दंगली झाल्या. पुढे जमिनी, विद्यापीठातले प्रवेश, पक्षांचे डावपेच, अशी कारणांवर कारणं चढत गेली. 1983 ते 2009 च्या युद्धाला एकटी भाषा जबाबदार होती असं म्हणणं फार सोपं होईल. पण ठिणगी कुठली होती ते विसरूनही चालणार नाही.

भाषापालटाच्या दृष्टीने एक गोष्ट त्या कायद्याने घडवली. पालट एकतर्फी झाला. आजीसाठी तमिळ बोलणारा सिंहली कंडक्टर भेटतो, पण सरकारी खिडकीपाशी भाषा बदलायची ती आजीने. शाळाही वेगळ्या झाल्या, सिंहली माध्यमाची मुलं एकीकडे, तमिळ माध्यमाची दुसरीकडे, आणि कित्येक ठिकाणी दोघांचं दप्तरच एकमेकांना कधी दिसत नाही. दोन्हींकडे सफाईने ये-जा करणारे उरले ते बहुतेक गरजेपोटी शिकलेले: कोलंबोतले तमिळ, चहाच्या मळ्यांच्या गावांतले लोक, आणि सर्वांत तरबेज म्हणजे मुस्लिम. त्यांच्यातल्या बहुतेकांची घरची भाषा तमिळ, दुकानातली सिंहली, तोंडी अरबी दुवा. पेट्ट्यात कापड घ्यायला गेलात तर एकच दुकानदार तीन गिऱ्हाइकांशी तीन भाषांत भाव करताना दिसेल आणि हिशेब मनात चौथ्या कुठल्या भाषेत करत असेल तर नवल नाही.

आता कंडक्टरने आजीला कपाळावरून वाचलं, ते आठवा. 1983 च्या जुलैत तमिळांची कत्तल झाली तेव्हा हल्लेखोर बसमध्ये चढायचे आणि प्रवाशांना एक शब्द उच्चारायला सांगायचे: बाल्दिय. म्हणजे बालदी. पोर्तुगीज 'बाल्द'पासून आलेला, आपल्या न्हाणीघरातला तोच शब्द. अस्सल तमिळ शब्दाच्या सुरुवातीला 'ब' येत नाही आणि तमिळ लिपीत 'प' आणि 'ब' यांना एकच अक्षर आहे. बालदीला तमिळमध्ये 'वाळि' म्हणतात. त्यामुळे ज्याची जीभ 'ब'पाशी अडखळली तो तमिळ ठरायचा, आणि पुढे त्याचं काय व्हायचं ते लिहायची गरज नाही. आयुष्यभर सफाईने सिंहली बोललेला माणूस एका व्यंजनात पकडला जायचा.

समोरच्याला वाचण्याचं कौशल्य दोन्ही बसमध्ये एकच होतं. पहिल्यात त्याने आजीला पुढे जागा मिळाली.

आता तर तमिळही राजभाषा आहे ना?

आहे. 1987 मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने तमिळही राजभाषा झाली आणि इंग्रजी जोडभाषा. 1991 मध्ये राजभाषा आयोगाचा कायदा आला. नोटांवर तिन्ही लिप्या आहेत. सरकारी नोकरीत नव्याने येणाऱ्याने ठरावीक मुदतीत दुसरी राजभाषा शिकावी असा 2007 पासून नियम आहे. स्वातंत्र्यदिनाच्या सोहळ्यात 2016 मध्ये राष्ट्रगीत कित्येक दशकांनी तमिळमध्येही म्हटलं गेलं, आणि 2020 मध्ये पुन्हा वगळलं गेलं. कागद आणि खिडकी यांत अंतर आहे, पण कागद तरी आज आहे.

ते अंतर किती, हे एका पाटीवरून कळतं. तिचा फोटो लंकेत खूप फिरला. बसमधली राखीव जागेची पाटी, तिन्ही भाषांत: 'गरोदर मातांसाठी'. तमिळमध्ये 'ताय्' म्हणजे आई आणि 'नाय्' म्हणजे कुत्रा. दोन्ही शब्दांत फरक एका अक्षराचा, आणि रंगवणाऱ्याने नेमकं तेच अक्षर चुकवलं. तमिळ बाईला तिथे वाचायला मिळत होतं, 'गरोदर कुत्र्यांसाठी'. सिंहली आणि इंग्रजी ओळी बिनचूक होत्या. पाटी लिहिली गेली, लावली गेली, बस रस्त्यावर धावली, आणि इतक्या हातांतून जाताना तमिळ ओळ वाचू शकणारा एकही माणूस तिच्या वाटेत आला नाही.

माझ्या 100 नंबरच्या बसमध्येही दारामागच्या सीटवर अशी पाटी होती. कंडक्टरला तमिळ बोलताना मी ऐकलं होतं. वाचता येतं का, हे विचारायचं राहून गेलं.